खुर्ची हलली नव्हती

"हलू नका... फक्त अर्धा सेकंद."

"अन् हलले तर?"

एवढं विचारतानाच छबू हलली. ज्योतीरामनं कॅमेऱ्याआडून डोकं काढलं. "तर जुन्नरच्या पाहुण्यांना दोन नाकांची नवरी दिसेल!"

छबू खुदकन हसली. तो फोटोही गेला.

साल छप्पन्न. पिंपरीच्या बाजारात उद्धवरावांचा फोटो स्टुडिओ होता आणि ज्योतीराम तिथे कामाला होता. छबू वाघेरे त्याच गावातली, शेतकऱ्याची लेक. स्थळाला पाठवायचा फोटो काढायला ती आली होती, पण तिचं लक्ष सारं कॅमेऱ्याच्या त्या लाकडी पेटीवर.

"यात उजेड सोडता कसा?"

त्यानं दाखवलं. भिंगामागचं भोक लहान-मोठं करता येतं आणि झडप लवकर किंवा उशिरा मिटवता येते.

"म्हंजे पाटाचं पाणीच की! दार मोठं उघडलं तर वाफा लगेच भरतो, बारीक ठेवलं तर वेळ द्यावा लागतो. जास्त झालं तर वाफा फुटतो, कमी पडलं तर कोरडा राहतो."

ज्योतीराम बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. "उद्धवकाका, मला हे काम शिकायचंय."

"शिक. दिवाळीला परीक्षा घेईन. पास झालीस तर नोकरी."

घरी तिचे वडील, आबा, म्हणाले, "नोकरी लागली तर थांबतो. न्हाई तर जुन्नरचं स्थळ पक्कं."

मग पावसाळाभर ती शिकत राहिली. ढग आला की भोक मोठं, ऊन पडलं की लहान. कधी भोकाची कडी फिरवताना दोघांची बोटं एकमेकांना लागायची... आणि पुढचा धडा ज्योतीराम विसरायचा.

परीक्षेच्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. खोलीत खिडकीचा तेवढा उजेड. वेताच्या खुर्चीशेजारी ज्योतीराम उभा. छबूनं भोक पूर्ण उघडलं, झडप अर्ध्या सेकंदावर लावली आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "हलू नका हं..."

खट्!

फोटो धुऊन निघाला. ज्योतीराम त्यात धुरासारखा पुसट.

"हात हलला तुझा," उद्धवराव म्हणाले. "नापास."

छबू जागची हटली नाही.

"काका, माझा हात हलला असता तर सगळंच पुसट आलं असतं. ही खुर्ची बघा. वेताची वीण न् वीण दिसतीय. उजेड बी बरोबर हाय. कॅमेरा हलला न्हाई, माणूस हलला."

उद्धवरावांनी भिंग लावून पाहिलं. मग चष्म्यावरून ज्योतीरामकडे बघितलं.

"काय राव? रोज गिऱ्हाइकांना दम देता, अन् तुम्हाला अर्धा सेकंद उभं राहवेना?"

ज्योतीरामचे कान लाल झाले. "ती... अशी बघत होती. मग कसा उभा राहणार?"

उद्धवराव मोठ्यानं हसले. "पोरी, उद्यापासून कामावर ये."

छबूनं मान वळवून डोळे पुसले. मग कॅमेऱ्यात नवी फिल्म घातली.

"उभे राहा पुन्हा. आबांना दाखवायचाय फोटो."

"माझा? कशाला?"

"स्थळाचा फोटो नुसता पोरीचाच काढतात व्हय?" ती म्हणाली. "या वेळी मी तिकडं बघते. तुम्ही हलू नका."

"नको... इकडेच बघा," ज्योतीराम म्हणाला. "आता नाही हलत."

ती बघत राहिली.

खट्!