सुटलेल्या माशाचं वजन

चांदवे जलाशयाच्या मधोमध नांगरलेल्या तरंगत्या प्रयोगशाळेत दुपारी साडेतीन वाजता तीन माणसं आणि एक रिकामा तराजू, एवढाच ऐवज होता. तिघांपैकी दोघं भांडत होती. तिसरे, दिगंबर तोडकर, तराजू पुसत होते. सकाळपासून त्यावर माशीदेखील बसली नव्हती, तरी पुसत होते. चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून काढल्यावर माणूस निवृत्त होतो. हात निवृत्त होत नाहीत.

दरवर्षीच्या गळस्पर्धेचे तोडकर बारा वर्षांपासूनचे वजन-पंच. या काळात त्यांनी माशांपेक्षा माणसंच जास्त जोखली. माशाच्या पोटात शिशाच्या गोळ्या कोण कोंबतो, कोण त्याला वजनाआधी पाणी पाजतो, हे त्यांना चेहऱ्यावरून कळे. त्यांचा नियम एकच: सुटलेल्या माशाला वजन नसतं. तराजूवर ठेवा, मग बोला.

"शून्य!" कार्यकारी अभियंता देवकुळे टेबलावर बोट आपटत म्हणाले. "एकशे चाळीस गळकरी पहाटेपासून पाण्यावर आहेत आणि मासे शून्य. मोहिमेच्या पहिल्या वर्षी किती होते हो, तोडकर?"

"सहा हजार एकशे बेचाळीस."

"गेल्या वर्षी?"

"दोनशे अकरा."

"आणि डॉक्टरबाई, तुमचीच ध्वनिमोजणी सांगते की पाण्यात अजून अकरा हजार डोळ्या मासे आहेत. म्हणजे ते संपले नाहीत, शहाणे झाले. तुमची मोहीम बुडाली. पाच वाजता मी विषाच्या कागदावर सही करणार."

डॉ. इरावती गुरसाळे यांनी खिडकीबाहेर पाहिलं. किनाऱ्यावर निळे ड्रम ओळीनं उभे होते. ते विष पाण्यात गेलं की कल्ले असलेला एकही जीव वाचणार नव्हता. "विष डोळ्या निवडून मारणार नाही, साहेब. या खोऱ्यातला महसीर तळाशी थोडाफार उरलाय. हा वाण दुसरीकडे कुठंही नाही."

डोळ्या इथला नव्हताच. शेपटीवर मोराच्या पिसासारखा डोळा मिरवणारा हा परदेशी मासा गळकरी मंडळाचे अध्यक्ष रणधीर वाघचवरे यांनी बारा वर्षांपूर्वी हौसेनं आणला. काचेच्या टाकीतले चाळीस मासे, बँड लावून सोडले. दोन वर्षं मंडळाची नुसती दिवाळी होती. डोळ्या गळाला लागला की काठी कमानीसारखी वाकवी, मनगट सुजवी. सुजलेली मनगटं लोक लग्नकार्यात दाखवत हिंडत. मग महसिराची पिल्लं दिसेनाशी झाली, मग बाकीचे बारके मासे. पाच वर्षांपूर्वी गुरसाळेबाईंनी मोहीम मांडली: बारा महिने गळ टाका, आणि लागलेला डोळ्या परत पाण्यात सोडू नका.

"एक विचारू?" तोडकरांनी फडकं खांद्यावर टाकलं. "डोळ्या गळाला लागतोच का? भुकेनं?"

"भुकेनं थोडा, रागानं जास्त," डॉक्टर म्हणाल्या. "नर-मादी दोघं घरट्यावर पहारा करतात. जवळ येईल त्याच्यावर धावून जातात. मग तो बेडूक असो, नाहीतर तुमचं चमकतं आमिष. पण सगळेच सारखे तापट नसतात, आणि तापटपणा वारशानं उतरतो. पाच वर्षं आपण तापट तेवढे काढले. बुजरे मागे राहिले. त्यांची पिल्लं बुजरी, त्या पिल्लांची आणखी बुजरी. वर्षाला एक पिढी."

"म्हणजे सरकारी खर्चानं गळाला न लागणारी जात तयार केलीत," देवकुळे म्हणाले. "सत्कार ठेवू का?"

"ठेवा. जो आमिषावर धावत नाही, तो अंडी खायला आलेल्या इथल्या शिंगट्या माशावरही धावत नाही. घरटं सोडून पळतो. आपले शिंगटे पोटभर जेवतात."

तोडकर थबकले. "मग या अकरा हजारांत सगळ्यात लहान केवढा आहे?"

"वीतभराच्या खाली एकही नाही. दोन वर्षं झाली."

"म्हणजे गाव अकरा हजारांचं, आणि पाळणा एकही नाही!"

"बारके गवतात लपत असतील," देवकुळ्यांनी हात झटकला. "गवतातलं तुमच्या ध्वनीला दिसत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. तोडकर, वरती मला पुरावा दाखवायचा असतो. पाळणे नाही."

एवढ्यात बाहेर नाव धडकली आणि वाघचवरे दारातूनच गरजले, "हे तुमचे ओळखगळ भंगारात घाला! ओढ लागते, काठी वाकते, आणि सुटतं!"

ओळखगळ हे गुरसाळेबाईंचं अपत्य. त्याचं टोक माशाच्या अंगावरचा चिकट द्रव चाखतं. डोळ्या असेल तर गळ मिटतो. इथला मासा असेल तर क्षणात सरळ होऊन त्याला सोडून देतो.

"आठ किलोचा होता, तोडकर! खांद्यात अजून कळ आहे."

"बारा वर्षांतले तुमचे सुटलेले मासे एकत्र केले ना, अध्यक्ष, तर जलाशयात पाण्याला जागा उरत नाही."

"देवाशप्पथ सांगतो!"

देवकुळे खो खो हसले. तोडकरही हसले, पण अर्ध्यावर थांबले. सकाळपासून तराजूजवळून गेलेल्या तीसेक माणसांनी हीच तक्रार केली होती. ओढ लागते, सुटतं. खोटं बोलणाऱ्यांत उभा जन्म गेलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: खोटारडा दुसऱ्याचं खोटं उसनं घेत नाही. प्रत्येकाला स्वतःचं वेगळं हवं असतं. तीस माणसं एकच गोष्ट सांगत असतील, तर ती बहुधा घडलेली असते.

"डॉक्टर, गळानं मासा सोडला तर त्याची नोंद राहते?"

"राहते. जात, नर की मादी, आणि ओढीवरून, जबड्याच्या रुंदीवरून लांबी नि वजन. पण तसे सुटणारे वर्षाला सात, नाहीतर बारा. आणि गळ वाचला जातो तो वजनाच्या वेळी, माशाबरोबर..." त्या बोलता बोलता उठून उभ्या राहिल्या. "आज कुणी मासाच आणला नाही. म्हणून एकही गळ वाचला गेलेला नाही!"

तोडकरांनी भोंगा उचलला. "सर्व गळकऱ्यांनी गळ आत्ताच्या आत्ता तराजूवर जमा करावेत! जो करणार नाही, तो पुढच्या वर्षी बाद!"

पुढच्या वर्षी बाद म्हटल्यावर गळकरी विजेच्या गतीनं वल्ही मारतो. पावणेपाचपर्यंत गळांचा ढीग लागला. वाचनयंत्राचा पडदा भरू लागला: महसीर, दीड वीत. महसीर, एक वीत. महसीर, दीड वीत. पहिल्या वीस गळांत दोनशे. साठ गळांत साडेपाचशे. नावांवरची माणसं आकडे मोठ्यानं ओरडून मागे कळवू लागली. देवकुळ्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं, ते हातातच राहिलं.

"तेराशे अठरा," डॉक्टर म्हणाल्या. "बहुतेक सगळे दोन वर्षांच्या आतले. डोळ्या अजून घरटी राखत, धावून जात असता, साहेब, तर यातलं एकही पिल्लू जगलं नसतं. घरटी उठलीत. उरलेले अकरा हजार म्हातारे होऊन मरतील. त्यांच्यामागे कुणी नाही."

देवकुळ्यांनी पडद्याकडे पाहिलं, किनाऱ्याकडे पाहिलं. पेनाला टोपण लावलं. मग भोंगा ओढून घेतला आणि गरजले, "ते ड्रम तिथे कुणी ठेवलेत? उचला आधी!" जणू दुसऱ्याच कुणी ठेवले होते.

एकशे चाळीस नावांतून जो आरडाओरडा उठला, त्यानं पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

ढिगात शेवटचा एक गळ उरला होता, वाघचवरेंचा. ते दाराशीच उभे होते. आज त्यांना मनगट दाखवायचंही सुचत नव्हतं. तोडकरांनी गळ यंत्राला लावला. पडद्यावर उमटलं: महसीर, जुनी मादी, नऊ किलो चारशे.

"अध्यक्ष," तोडकर हळूच म्हणाले, "तुम्ही आठ म्हणालात."

"मला नऊच वाटला होता. पण नऊ म्हटलं असतं, तर तुम्ही हसला असतात."

"आठलाही हसलोच की."

"ते चाळीस मीच सोडले होते, तोडकर," वाघचवरे पाण्याकडे बघत म्हणाले. "ही म्हातारी त्यांना पुरून उरली."

तोडकरांनी खुर्ची पुढे ओढली, स्पर्धेच्या करंडकाचं प्रमाणपत्र समोर घेतलं आणि बारा वर्षांचा आपला नियम स्वतःच्या हातानं मोडला. सुवाच्य अक्षरात लिहिलं:

मासा: महसीर. वजन: नऊ किलो चारशे ग्रॅम. सध्याचा पत्ता: चांदवे जलाशय.

आणि खाली सही केली.