कुपी फिरवल्याशिवाय नाही

सायोनी, शटर अर्धं ओढ. ब्रॉक, तूही बस. विमान उशिरा आहे, तोवर ऐका. खरी गोष्ट आहे.

ॲडलेडला आपली एक गिऱ्हाईक आहे, वूला. ग्रीक बाई, हॉस्पिटलमागच्या प्रयोगशाळेत काम करते. वीस वर्षं मी तिला माल विकतोय, पण पहिल्या भावाला तिनं कधी ‘हो’ म्हटलेलं नाही.

तुम्ही बर्फात घालून पोचवता ना, त्या चिमुकल्या कुप्या. रिकाम्याच दिसतात. नवं गिऱ्हाईक तर फोनवर भांडतं, ‘काय हवा विकता का?’ पण आत चिमूटभरही नाही एवढी पूड असते. अंगात सूज नि ताप पेटवणारं प्रथिन, पण प्रयोगशाळेतल्या काही पेशी त्यावरच तगतात. बनतं जिवाणूंच्या पोटात, पण बनवायचा नकाशा, म्हणजे जनुक, माणसाचा. कुठल्या माणसाचा, ते कुणी विचारत नाही. ही पूड झाकणाला चिकटते. म्हणून आधी कुपी यंत्रात गरगर फिरवून पूड तळाशी बसवायची, मगच उघडायची. नाहीतर गेली हवेत.

तीन वर्षांपूर्वीची ग्रीक ईस्टरची शनिवारची रात्र. घरची मंडळी मेणबत्त्या घेऊन चर्चला गेलेली, वूला मात्र कामावर. एका आजारी पोरीच्या सुजलेल्या गुडघ्यातून काढलेल्या पेशी तिच्याकडे होत्या. रात्रीतून त्यांना हे प्रथिन दिलं नाही, तर पेशी वाया. म्हणजे पोरीच्या गुडघ्यात पुन्हा सुई. मागच्या वेळी तिला चौघांनी धरलं होतं. आणि कुपी एकच उरलेली.

बाराला दहा कमी. वूलानं शीतपेटीतून कुपी काढली. वळली.

दारात एक माणूस. हॉस्पिटलचा झगा, अनवाणी. थंडीनं दात वाजतायत, आणि अंगाची धग मात्र ओट्यापर्यंत येतेय.

“माझं आहे ते.”

वूलानं कुपी मुठीत धरली.

“दे. माझ्यातून घेतलंय...”

“पळाली असेल, काका!”

“वूला? अगं सायोनी, ती माझ्यापुढे भावात हटत नाही, त्याच्यापुढे हटेल?”

वूला त्याला म्हणाली, “असेल तुझं. आज ते त्या पोरीच्या कामाचं आहे.”

तो पुढे आला. आणखी पुढे. तिची बोटं झाकणावर गेली. उघडावं, पटकन ओतावं, सुटावं... झाकण अर्धा आटा फिरलंसुद्धा.

तिनं ते परत आवळलं.

“कुपी फिरवल्याशिवाय नाही. तू उभा असलास तरी नाही.”

यंत्रात ठेवली. बटण दाबलं. घरघर...

तो शेजारी. श्वास मानेवर. चटके बसत होते.

ती वळली नाही.

घरघर थांबली.

...

तिनं कुपी उघडली. पाणी घातलं. पेशींना थेंब थेंब दिलं. शेवटचा थेंब पडला तेव्हा मानेवरची धग गेली. मागे कुणी नव्हतं.

पेशी जगल्या. पोरीला पुन्हा सुई लागली नाही.

आता एवढंच सांगतो. त्या शीतपेटीत वरच्या कप्प्याला बोटभर बर्फ साचतो. फक्त एका जागी साचत नाही. पंज्याएवढी जागा, पाच बोटांची. पेटी दोनदा धुतली, कप्पा बदलला, तरी तिथे बर्फ धरत नाही. मी स्वतः हात लावलाय. उणे ऐंशीत... कोमट.

मी म्हटलं, “वूला, माल दुसऱ्या पेटीत हलव.”

तिनं नवी कुपी बरोब्बर त्या पंज्याखाली ठेवली.

“मी का हलवू? त्याला थंडी वाजत असेल, तर त्यानं हात काढावा.”