मोटारीतली मोजणी

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. बोईसरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक गाळा. आत वॉर्निशचा उग्र वास, भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं. यंत्रांच्या जळालेल्या विजेच्या मोटारी दीपा इथे नव्याने भरते. म्हणजे पोटातली काळी पडलेली तार उपसायची आणि नव्या तारेची वेटोळी खाचांत बसवायची. प्रत्येक वेटोळ्यात वेढे सारखेच हवेत. दीपा ते मनातल्या मनात मोजते.

त्या दिवशी टेबलावर मुरबे या कोळ्यांच्या गावच्या काशीबाईंची मोटार होती. बर्फ फोडायच्या यंत्राची. काशीबाई शेजारीच बसून घाई करत होत्या.

"दीपे, सांजच्या भरतीला होड्या लागतील. बरफ नाय तं सगला म्हावरा कुजंल. हात चालव गो!"

"हातच चालतायत मावशी. तोंड तुमचं चालतंय."

दीपाची मुलगी रिद्धी खाचांत घालायचा कागद कापत होती. ती खुदकन हसली.

मोटार भरून झाली. वॉर्निश पाजण्याआधी दीपाने वीज जोडली. मोटार घुमली, थरथरली, पण धड फिरेना. अंग तापू लागलं. दीपाने खटका बंद करून तारा सोडवल्या. बेअरिंग पाहिलं, ठीक होतं. काशीबाई उठून जवळ आल्या.

आई बेअरिंगचा आवाज ऐकते, तसंच रिद्धीने केलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटारीला टेकवलं, मूठ कानाला लावली.

"आई, आत कुणीतरी मोजतंय."

"बंद मोटारीत काय ऐकू येणार?"

"मुलगी आहे. मोजते, थांबते, परत पहिल्यापासून मोजते."

दीपाने कान लावला. तिच्या हातांवर काटा आला. ती एकेका वेटोळ्यावर टोक टेकवत गेली. एका ठिकाणी थांबली.

"इथे ती लवकर थांबते."

ते वेटोळं काढून तिने उलगडलं. वेढे कमी भरले.

"मावशी, तुम्ही पापलेटचा भाव सांगत होतात ना, तेव्हाच चुकले मी."

"आता मी तोंड शिवते, बाय," काशीबाई म्हणाल्या.

नवं वेटोळं बसलं. मोटार गर्रकन फिरली.

वॉर्निश वाळल्यावर मोटार टेम्पोतून मुरब्याला गेली. दिवेलागणीला काशीबाईंचा फोन आला. मागे बर्फ फुटल्याचा खडखडाट आणि बायकांचा कलकलाट.

"म्हावरा वाचला गो!"

दीपाने चहा टाकला आणि पुढची मोटार घेतली.

"आता मी मोजू?" रिद्धीने विचारलं. "म्हणजे चुकणार नाही."

"मोज. मोठ्याने."

"एक... दोन... तीन..."

दीपाचा हात थबकला. मोटारीत तिने ऐकला होता तो हाच आवाज.

रिद्धी थांबली. तिने आईकडे पाहिलं.

मग परत पहिल्यापासून मोजू लागली.