शोकेसमधला मोरपिशी जोड

चपलेचा अंगठा तुटायला नागपुरातल्या सदरचा भर बाजारच सापडावा, हे भैरवीचं नशीब. एक पाय चपलेत, दुसरा धुळीत, अशी लंगडत ती समोरच्या 'भैयाजी फुटवेअर'मध्ये शिरली, तेव्हा तिच्या मनात प्रेमबिम काही नव्हतं. आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे वाट बघत होते, आणि रात्रभर मावसबहिणीच्या हळदीत जागल्यामुळे डोळे चुरचुरत होते.

"काय दाखवू मॅडम?" उंच, सावळा दुकानदार पोरगा स्टुलावरून उठला.

"काहीही दाखवा. टिकणारं."

"टिकाले तं सगळंच टिकते... पाय जपून टाकणारा पाहिजे."

भैरवीनं मान वर केली. पोरगा गंभीर होता, डोळे मात्र हसत होते. त्यानं वरच्या फळीवरून मोरपिशी रंगाचा एक जोड काढला, वर सोनेरी बुट्टी. तिनं उजवा पाय घातला. पाय असा बसला, जणू चप्पल तिचीच वाट बघत होती.

"ही छान—" ती म्हणाली, आणि पुढचं तिला काही आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा वर पंखा होता, भोवती दहा तोंडं, चावलेली जीभ ठणकत होती आणि नाकाशी कातड्याचा वास. मोरपिशी जोडातली डावी चप्पल तिच्या नाकाशी धरून तो पोरगा घामाघूम बसला होता.

"आली, आली! चपलेनं आली!" कोणीतरी ओरडलं. गल्ल्यावरचे धोतरवाले भैयाजी, म्हणजे पोराचे वडील, हात जोडून छताकडे बघत होते.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं भैरवीला झालं. कोणीतरी फोन केला, आई धावत आली, ऑटो आला. जाताना तिनं एकदाच मागे वळून बघितलं. पोरगा दारात तसाच उभा होता, हातात चप्पल, आणि चेहरा असा, की जणू चूक त्याचीच झाली होती.

भैरवीला कॉलेजपासून मिरगी होती. डॉक्टर तिला अपस्मार म्हणायचे, आई सुहासिनीबाई 'हिचा त्रास' म्हणायच्या, आणि नातेवाईक काहीच म्हणायचे नाहीत, नुसते बघायचे. रोज रात्री आठला गोळी आणि पुरती झोप, एवढं सांभाळलं की महिनोन्‌महिने तिला काही होत नसे. हळदीच्या रात्री नेमकं दोन्ही चुकलं होतं.

पंधरवडाभरानं ऑफिसातली रितिका डबा उघडता उघडता म्हणाली, "अगं, सदरच्या एका दुकानात मिरगीची चप्पल ठेवली आहे म्हणे! हुंगली की माणूस खडखडीत बरा."

भैरवीनं घास तसाच ठेवला आणि उठली.

शोकेसमध्ये लाल कापडावर तोच मोरपिशी जोड विराजमान होता. शेजारी चक्क उदबत्तीची राख! भैयाजी दुपारचे घरी जेवायला गेले होते. तो पोरगा एकटाच होता, तिला बघताच धडपडत उठला.

"बऱ्या आहात न तुमी? मी रोज पाहून राहिलो रस्त्याकडं..."

"हे काय मांडून ठेवलंय?"

"भैयाजीनं ठेवलं. तुमी उठल्या न तिच्या वासानं."

"मी वासानं नाही उठले! फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. तुम्ही नाकाशी नांगर धरला असता, तरी उठलेच असते!"

त्याला हसू फुटलं. मग तिचा चेहरा बघून ते त्यानं गिळलं आणि हळूच विचारलं, "मंग काय कराले पाहिजे होतं मी?"

भैरवी भांडायच्या पूर्ण तयारीनं आली होती. पण हा प्रश्न तिला आजवर कोणीच विचारला नव्हता. ती मुकाट्यानं स्टुलावर बसली.

"कुशीवर वळवायचं. डोक्याखाली काहीतरी मऊ."

"आणि हातपाय घट्ट धराचे?"

"मुळीच धरायचे नाहीत. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, काही नाही. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर एकशे आठला फोन. आणि थांबली की... शेजारी बसायचं. माणूस पुरता भानावर येईपर्यंत."

"बसीन मी," तो पटकन बोलून गेला. मग दोघंही कूलरकडे बघायला लागले, जणू त्यातून काही महत्त्वाची बातमी येणार होती. त्याचं नाव रजत, हे तिला त्याच दुपारी कळलं.

तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. मौद्याहून आलेला, नाव बळीराम, खांद्यावर दुपट्टा, डोळ्यांत न झोपलेल्या रात्री. त्यानं शोकेसकडे बोट केलं.

"भाऊ, ते चप्पल देता का? माह्या लेकराले मिरगी येते. भगत केला, अंगारा केला... पोट्टं शाळेतून काढलं आता."

रजतचा हात शोकेसच्या किल्लीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.  भैरवी गप्प बसली असती तर कोणाला काय कळलं असतं? पण तिला ते पोरगं दिसायला लागलं, नाकाशी चप्पल धरलेलं, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं.

"दादा, त्या दिवशी पडलेली मुलगी मीच," ती म्हणाली. "चपलेनं काही झालं नाही. ही बघा, मी रोज गोळी घेते." तिनं पर्समधून पाकीट काढून दाखवलं. "मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. सरकारी दवाखान्यातही गोळ्या मिळतात. रोज द्यायच्या, बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत. पोरगं शाळेत जाईल तुमचं."

बळीराम गोंधळून रजतकडे बघू लागला. रजतनं शोकेसची किल्ली उचलून खिशात टाकली.

"काका, हे चप्पल मी विकत नाही. या सांगतात तसं करा. थांबा, दवाखान्यात कुठं जायचं ते मी समजावतो."

त्या क्षणी भैरवीच्या मनात काहीतरी झालं. झालं म्हणजे झालंच. पुढे ती स्वतःशी कितीही नाकारत राहिली तरी.

नव्या चपला मात्र तिनं दुसऱ्याच घेतल्या, त्याही चार चकरा मारून. एक जोड घ्यायला इतक्या चकरा लागत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही. गाडी चालवायला डॉक्टरांनी तिला सध्या मनाई केली होती, म्हणून ती मेट्रोनं जायची. तर रजतही आपली मोटारसायकल दुकानासमोर ठेवून तिच्याबरोबर स्टेशनापर्यंत पायी निघायचा. एप्रिलच्या उन्हात नागपुरात पायी चालणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर प्रेमात.

रोज आठला फोनवर एक शब्द यायचा, "घेतली?" आणि तिकडून उत्तर जायचं, "घेतली." कधी ती उत्तराला मुद्दाम उशीर करायची, मग एकापाठोपाठ प्रश्नचिन्हांची रांग लागायची.

"गोळीची इतकी काळजी, आणि माझी?" तिनं एकदा विचारलं.

"तुही काळजी केली तं तू भांडते. गोळी बिचारी भांडत नाही."

मग एका संध्याकाळी, उसाच्या रसाच्या गाडीपाशी, रजतनं ग्लास खाली ठेवला. "भैरवी... माह्याशी लग्न करशीन?"

तिनं दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आधी ऐक. गोळ्या किती वर्षं चालतील, सांगता येत नाही. जागरण मला चालत नाही, तुमच्याकडची लग्नं पहाटेपर्यंत चालतात. आणि मुलांचं मी डॉक्टरांना विचारलंय. मूल हवं असलं की आधीच सांगायचं, डॉक्टरबाई बघून गोळ्या ठरवतात, आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. होतात मुलं. चांगली होतात."

"मी अजून रस संपवला नाही, अन् तू लेकरापर्यंत पोचली?"

ती हसली. डोळ्यांत पाणी आलं तरी हसली. "हो," म्हणाली. "हो, करीन." ऊस पिळणाऱ्यानं न मागता दोन ग्लास आणखी भरले.

पण खरी गोम पुढेच होती.

"घरी काही अडचण नाही," रजत मान खाली घालून म्हणाला. "भैयाजीले वाटते, तू आपल्या चपलेनं बरी झाली. भल्ले खूश आहेत. तं... वाटू दे न."

"तू त्यांना सांगितलंच नाहीस? बळीरामदादांचं?"

"हिंमत नाही झाली."

भैरवीचा ग्लास हातातच राहिला. "म्हणजे मी जन्मभर न्हाणीघरात लपून गोळी घ्यायची? एक दिवस चुकेल, रजत. लपवलेली गोळी चुकतेच. आणि मी तुमच्या अंगणात पडेन, मग पुन्हा चप्पल आणाल?"

"तसं नाही वं..."

"तसंच आहे. तू सांगणार नसशील तर मी येईन आणि सांगेन. ते नाही म्हणाले तर..."

"तं?"

"तर नाही." तिनं शब्द मागे घेतला नाही.

त्या रात्री "घेतली?" आलं. तिनं गोळी घेतली. उत्तर मात्र दिलं नाही.

रविवारी संध्याकाळी रजतकडेच पाहण्याचा कार्यक्रम ठरला. ऑटोत सुहासिनीबाई लेकीचा हात दाबून म्हणाल्या, "भैरू, तिथं नको काढूस गोळी. साडेआठपर्यंत घरी येऊच. एक दिवस जरा उशिरा घेतलीस तर काय झालं?"

 भैरवीनं पर्स तेवढी घट्ट धरली.

रजतच्या घरी पन्हं आलं, चिवडा आला, आणि भैयाजींची गोष्टही आली. खाप्याहून खास आलेल्या आपल्या बहिणीला, पंचफुलाआत्याला, ते हातवारे करून सांगत होते. "पोरगी अशी पडली... चप्पल लावली न लावली, ताडकन उठून बसली! आमच्या दुकानाचा गुण, दुसरं काय! आता काही नाही तिले. खडखडीत!"

सगळे कौतुकानं भैरवीकडे बघत होते. बघण्याची ही तऱ्हा तिला नवी होती, आणि किती सुखाची होती! नुसतं हसायचं होतं, बस. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजत आले. आईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. रजत सतरंजीकडे बघत होता.

भैरवीनं पर्स उघडली. "मला पाणी मिळेल?"

कोणी हलायच्या आत रजत उठला. स्वयंपाकघरातून पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि सगळ्यांसमोर तिच्या शेजारी बसला. 

"भैयाजी, हे मिरगीची गोळी आहे. रोज घ्यावी लागते. चपलेनं काही झालं नव्हतं, अन् मले ते पहिल्यापासून माहीत आहे. तुम्हाले सांगाले मी भेलो."

 भैरवीनं गोळी जिभेवर ठेवली आणि शांतपणे पाणी प्याली.

"म्हणजे रोगी पोट्टी पदरात घेऊन राहिला का गा तू?" पंचफुलाआत्या म्हणाल्या.

"आजार आहे, आत्या," भैरवीच बोलली. "लागणारा नाही, भूतबाधा नाही. गोळी घेते म्हणून मी नकाशे काढते, स्वयंपाक करते, याच्याशी भांडतेसुद्धा. पण चपलेनं बरी झालेली सून मला व्हायचं नाही. गोळी घेणारी हवी असेल, तर सांगा."

भैयाजी उठले. तिच्याकडे बघितलं, लेकाकडे बघितलं, आणि आत निघून गेले.

परतताना ऑटोत सुहासिनीबाई रडत होत्या. डोळे पुसून म्हणाल्या, "इतकी वर्षं लपवायला शिकवलं गं तुला मी. आज तू गोळी काढलीस, आणि माझ्याच डोक्यावरचं ओझं उतरलं."

मग दिवस असे गेले की विचारू नका. ऊन तापत होतं, कूलर घरघरत होते, आणि सदरच्या त्या रस्त्यानं जायचं भैरवी टाळत होती. आठचा शब्द रोज येत होता आणि आता ती उत्तरही देत होती. त्यापलीकडे दोघांनाही काही लिहायचा धीर होत नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळी फाटक वाजलं. दारात भैयाजी, काखेत चपलांचं खोकं. मागे, उन्हात, रजत.

भैयाजी खुर्चीवर टेकले, पाणी प्याले, घसा खाकरला. "परवा मौद्याचा बळीराम आला होता. मी गल्ल्यावर होतो. पेढे आणले त्यानं. पोट्ट्याले गोळ्या सुरू झाल्या, तेव्हापासून पडला नाही. शाळा उघडली का त्याचं नाव टाकतो म्हणे." त्यांनी खोकं मांडीवर घेतलं. "मले म्हणते, तुमच्या पोरानं त्या दिवशी चप्पल विकली असती, तं मी दवाखान्यात गेलोच नसतो. बाई, जनमभर दुकानदारी केली. न विकलेल्या मालाचे पेढे पहिल्यांदा खाल्ले."

त्यांनी खोकं उघडलं. मोरपिशी जोड काढून त्यांनी भैरवीच्या अनवाणी पायांसमोर जमिनीवर ठेवला.

"शोकेस रिकामी केली. चपलेची जागा पायात. घाल."

भैरवीनं पाय घातले. उजवा, मग डावा. आज दोन्ही घालून झाले, आणि डोळ्यांतल्या पाण्यानं तिला समोरचं काही दिसेना.

"आत्याले वेळ लागन," भैयाजी म्हणाले. "तिचं मी पाहतो. पण एक काम कर बेटा. मले बी शिकव, कसं वळवाचं असते ते. आता गल्लाही हाच पाहते, दिवसभर दुकानात राहते. याची माय तं नाही आता, घरी मीच राहीन न तुह्याजवळ."

सुहासिनीबाईंनी पदर डोळ्यांना लावत सतरंजी अंथरली. पेशंट म्हणून रजत आडवा झाला. भैयाजींनी धोतर सावरत गुडघे टेकले आणि भैरवीनं सांगितलं तसं लेकाला अलगद कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला दुपट्टा सारला, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं.

"जमलं का वं?"

"जमलं, बाबा," भैरवी म्हणाली. 'बाबा' कसं तोंडातून गेलं, तिचं तिलाच कळलं नाही.

चहा टाकायला आत गेलेल्या सुहासिनीबाईंना बळीरामच्या पेढ्यांचा पुडा द्यायला भैयाजी समाधानानं उठून गेले. रजत मात्र डोळे मिटून तसाच पडून राहिला.

"ऊठ आता," ती म्हणाली.

"शेजारी बसाचं असते," तो डोळे न उघडता म्हणाला. "माणूस पुरता भानावर येईपर्यंत. तूच सांगितलं होतं."

"आणि तू भानावर कधी येणार?"

"आता... काही येत नाही वाटते."

भैरवीनं मोरपिशी चपला काढून कडेला ठेवल्या आणि त्याच्या शेजारी बसली.