लीलाकाकूने ऐकलेलं वाक्य

साताऱ्यात मी बोलीभाषांचे कोश करणाऱ्या एका संस्थेत काम करते. त्यामुळे लालाकाकांनी फोनवर "शिवांजली, शब्दकोशाला कुठलं सॉफ्टवेअर बरं?" असं विचारलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. कोणत्या भाषेचा कोश, ते ऐकल्यावर मात्र मी हातातलं काम बाजूला ठेवलं. ती भाषा त्यांची आणि राजेश्वरीची होती. राजेश्वरी त्यांची एकुलती एक मुलगी. ती जाऊन दोन वर्षं होत आली होती.

लालासाहेब माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. लष्करात हवालदार होते. सीमेवरून फोन करताना आपण कुठे आहोत ते सांगायची त्यांना मनाई असे. म्हणून लहानग्या राजेश्वरीने शब्द बनवले. बर्फात असाल तर 'तिलूम' म्हणा, वाळवंटात असाल तर 'मेरवी'. हळूहळू त्यात क्रियापदं आली, रुसवे आले, थट्टा आली. पोरगी कॉलेजात गेली तरी बापलेक त्याच भाषेत बोलत. लीलाकाकू भाकरी थापता थापता ऐकायची. तिला त्यातलं काही कळत नसे. "चालू द्या तुमचं," म्हणायची.

फेब्रुवारीत मी औंध, विटा करत जतला गेले. त्यांची वस्ती जतच्याही पुढे. ज्वारी निघाली होती, रानात नुसती धसकटं. दारात टँकरची वाट बघत निळी पिंपं उभी होती.

ओसरीवर लॅपटॉप मांडून मी काकांना तीन सॉफ्टवेअर दाखवली. पहिल्यात साधा तक्ता, शब्दासमोर अर्थ. दुसरं इंटरनेटवर चालणारं. ते काकांनी लगेच बाजूला सारलं. "आमची भाषा लोकांच्या मशीनवर कशाला ठेवायची?" तिसरं आपल्याच लॅपटॉपवर राहणारं. त्यात शब्दाबरोबर आवाज साठवता येई, आणि उच्चार अर्धामुर्धा आठवत असला तरी जवळचा शब्द शोधून मिळे. पण ते शिकायला किचकट. एकट्या माणसाच्या भाषेला तक्ता पुरेल, असं मी म्हणणार होते.

चहाला आत गेले, तर काकूने हळूच विचारलं, "ऐकल्याला शबूद नीट ध्यानात नसला, तरी घावंल असं हाय का त्यात काय?"

"तिसऱ्यात आहे. का गं काकू?"

तिने गॅस बारीक केला.

"मिरजंच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी पोरगी तापात त्याच भाषेत बोलत हुती. माझा हात धरून एकच वाक्य, परत परत. ह्ये तवा गाडीत, जम्मूवरनं निघालेले. मी नुसती व्हय बाळा, व्हय बाळा करत हुते."

"काकांना विचारलं नाहीस?"

"इचारलं आसतं," ती म्हणाली. "पन पानी मागत आसली तर?"

मी तिसरं सॉफ्टवेअर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू केलं. काका एकेक शब्द सांगत, अर्थ सांगत, मी टिपत आणि ध्वनिमुद्रण करत जाई. दुपारी हेडफोन लावून ऐकायला बसले. काकांच्या प्रत्येक शब्दाआधी कुणीतरी तोच शब्द अगदी हलक्या आवाजात म्हणत होतं.

मी पंखा बंद केला. माईक बदलला. गोठ्यात जाऊन पुन्हा मुद्रण केलं. तो आवाज तिथेही होता. प्रतिध्वनी म्हणावा, तर प्रतिध्वनी मागून येतो. हा आधी येत होता.

काकांना तोफांमुळे एका कानाने कमी ऐकू येई. त्यांना मी काही बोलले नाही. काकूच्या कानांना हेडफोन लावले. ती मांडीत हात ठेवून ऐकत राहिली. मग पदराने डोळे पुसले.

"आसंच करायची," ती म्हणाली. "नवा शबूद बापाला सांगायच्या आधी हळूच म्हनून बघायची."

तिसऱ्या दिवशी काका टँकर गाठायला रस्त्यावर गेले आणि काकू लॅपटॉपसमोर येऊन बसली. तिने डोळे मिटले आणि दोन वर्षं जपलेलं वाक्य बोलली.

"आये, तिलूम सरू. वेन कोदी ओवाल."

मी एकेक शब्द शोधत गेले. 'तिलूम' म्हणजे बर्फ, आणि थंडीही. 'सरू' म्हणजे संपलं. 'वेन' म्हणजे मी. 'कोदी' म्हणजे तुझ्यात.

'ओवाल' सापडला नाही. त्याच्या जवळपासचाही शब्द नव्हता.

"आई, थंडी संपली. मी तुझ्यात... पुढचा शब्द मिळत नाही, काकू."

"पानी न्हवती मागत," ती म्हणाली. किती तरी वेळ तेवढंच म्हणत राहिली.

काका परतले तेव्हा आम्ही त्यांना सगळं सांगितलं. वाक्य ऐकून ते पायरीवरच खाली बसले. "ओवाल..." त्यांनी दोनतीनदा पुटपुटून पाहिलं. "ह्यो आमचा शबूद न्हाई."

अर्थाची जागा मोकळी ठेवून मी तो शब्द काकूच्या आवाजात मुद्रित केला आणि लावून पाहिला. तिच्या आवाजाआधी काहीच नव्हतं. नुसती शांतता. मला बरं वाटलं.

तेवढ्यात काकू दाराकडे वळली आणि बोलू लागली.

त्याच भाषेत. लांबलचक, न अडखळता.

मग थांबली. ऐकलं. मान हलवली आणि थोडं हसली.

दारात कुणी नव्हतं.

"काका," मी विचारलं, "काय म्हणाली काकू?"

ते तिच्याकडे बघत होते.

"तिलूम तेवढं कळलं. बाकीचे शबूद नवं हायती, मला येत न्हाईत, पोरी."

मग बायकोकडे वळून त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "आगं, काय म्हनती ती?"

काकू उठून त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. त्यांचा हात हातात घेतला आणि एकेक शब्द त्यांच्याकडून म्हणवून घेऊ लागली. काकांचे डोळे वाहत होते. ते तिच्यामागून म्हणत होते.

एकदा तिचाच एक शब्द चुकला. दाराकडे बघत "बरं, बरं," म्हणून तिने तो सुधारून घेतला.

चूक मी दाखवली नव्हती, काकांनीही नाही.