पिठातला शंकू

ताईच्या कपाटातला एक रिकामा कप्पा भरायचा, एवढ्यासाठी आम्ही चौघं समुद्रावर निघालो होतो!

तो कप्पा मी बावीस वर्षं पाहत आलो होतो. ताई काम करते त्या संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या लाकडी कपाटात, वरून तिसरा खण. त्यात कापूस घातलेले दोन कप्पे. डावीकडे समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावरून आलेला एक शंकू. सूचिपर्णी झाडांना फळांऐवजी असे खवल्याखवल्यांचे शंकू लागतात. हा त्यातलाच, कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेला. उजवीकडे नुसता कापूस, आणि ताईच्या अक्षरातली चिठ्ठी: ‘नमुना: शंकू. कोणी आणला:’ त्यापुढे कोरं.

हे दोन किनारे एके काळी एकच जमीन होते, याबद्दल कुणाचं दुमत नाही. ताईचं म्हणणं असं, की ती जमीन फुटली तेव्हा हे झाड दोन्हीकडे आधीपासून उभं होतं. त्याचं बी जड. ते वाऱ्यानं उडत नाही आणि खाऱ्या पाण्यात कुजतं. “झाड तिकडे गेलं नाही रे, जमीन गेली!” हे वाक्य मी चहाबरोबर इतक्यांदा ऐकलंय, की झोपेतही म्हणून दाखवीन.

बावीस वर्षांपूर्वी एका निर्जन कड्याखाली तिला तसाच शंकू दिसला होता. भरती आली म्हणून ती फक्त फोटो काढून परतली, आणि तिथंच घोडं अडलं. पलीकडच्या शंकूत एका खवल्यावर एकच बी असतं आणि त्या बीवर एक पातळ जीभ; तीच या झाडाची खूण. फोटोत ती जीभ होती. की ती नुसती सावली होती? बावीस वर्षं ताईच्या विरोधकांनी “सावली, सावली” म्हणून तिचं डोकं खाल्लं. मधल्या काळात ती दोनदा गेली, पण दोन्ही वेळा समुद्रानं उतरू दिलं नाही. आता तिच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. त्यानंतर कपाट दुसऱ्याकडे जाणार होतं, आणि कडा तर दरवर्षी ढासळत होता.

ताईचे गुडघे कुरकुरतात, म्हणून दोर सांभाळायला तिची मुलगी बरोबर आली. ती लहानपणापासून दिसेल त्यावर चढते, म्हणून आम्ही तिला खार म्हणतो. नाव चालवायला एक नावाडी होता, दिवसाला मोजून दहा शब्द बोलणारा. आणि चौथा मी, स्वयंपाकी! एरवी मी वडिलांची बेकरी चालवतो. ताईही त्याच बेकरीच्या माळ्यावर, पिठाच्या पोत्यांना टेकून अभ्यास करत शास्त्रज्ञ झाली. माझ्या दुकानाच्या काचेत मी पिठाची एक गव्हाची पेंढी करून ठेवली आहे. खमीर न घालता, भरपूर मीठ मळून, मंद आचेवर भाजलेली. नऊ वर्षं झाली, तिची एक ओंबी तुटलेली नाही. ताई मात्र दर खेपेला विचारते, “न खायचा पाव भाजतोस कशाला?”

दोन दिवस नाव किनाऱ्याकिनाऱ्यानं चालली. पुढे लाटा इतक्या माजल्या, की नावाड्यानं एका शांत खाडीत नाव लावली आणि बोट दाखवून म्हणाला, “आता चालत.” झाले त्या दिवसाचे शब्द!

मग सुरू झालं जंगल. उंच झाडांचे बुंधे शेवाळानं मऊ झालेले, पायाखाली सुकलेल्या पानांची गादी, आणि वरून गाळून येणारं हिरवट ऊन. ताई प्रत्येक झाडाशी थांबत होती. डोंगर चढताना ती उत्साहात सांगत होती, “या डोंगराचे खालचे थर जमीन एक होती तेव्हाचे. वरच्या थरांत शंकू बदलत जातात. दोन्हीकडची झाडं आपापल्या हवेला धरून वेगळी झाली. घरं वेगळी झाली, की सवयीही वेगळ्या होतात ना, तसं. मला हवाय तो शंकू सगळ्यात खाली, अगदी पाण्याला लागून.”

“तुला हवं ते नेहमी सगळ्यात खालीच असतं,” मी धापा टाकत म्हणालो. माझ्या एका खांद्यावर पिठाची पिशवी होती, दुसऱ्यावर ठसा घ्यायच्या प्लॅस्टरची.

दुपारी ओढा आडवा आला. कमरेएवढं पाणी, आणि ओढ जबरदस्त! खार दोर घेऊन पार झाली आणि तिनं तो पलीकडे झाडाला बांधला. तिच्यामागे मी. मधोमध पायाखालचा गोटा सरकला आणि मी आडवा झालो! हात आपोआप वर गेला, पिठाचा. बेकरीवाल्याचा हात तो, दुसरं काय वर धरणार? प्लॅस्टरची पिशवी मात्र पाण्याखाली दोन गटांगळ्या खाऊन वर आली.

पलीकडे गेल्यावर मी ती चाचपून पाहिली. कडेला थोडं घट्ट लागत होतं. मला काळजी वाटली नाही. पिठाचं पोतं भिजलं तर वरचा थर चिकट होऊन बसतो आणि आतलं पीठ कोरडं राहतं, हे मी लहानपणापासून बघितलंय. प्लॅस्टरही शेवटी पांढरी पूडच! मी कुणालाच काही बोललो नाही.

चालायला लागल्यापासून तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कड्यावर उभे होतो. अमावस्येची ओहोटी होती, वर्षातली सगळ्यात खोल. हाताशी होता जेमतेम दीड तास.

खार सरसर खाली उतरली. नावाड्यानं दोर झाडाला गुंडाळून पाय रोवले. मग ताईला सोडलं, आणि शेवटी मला, कुरकुरणाऱ्या दोरासकट.

“आहे!” ताई ओरडली. “अजून आहे!”

काळ्या खडकात, पुढे आलेल्या कड्याच्या बरोबर खाली, पावाच्या लादीएवढा शंकू उभा चिरलेला दिसत होता. खवल्यावर खवला, आणि प्रत्येकात एक बी. ताई त्याच्यासमोर ओल्या वाळूत गुडघ्यावर बसली. दुखणारे गुडघे तिला आठवलेही नाहीत.

खारीनं छिन्नी लावली. एकच घाव घातला, आणि वरून मूठभर दगड खडखडत आले! दुसऱ्या घावाला डोक्याएवढा धोंडा तिच्या पाठीला घासून गेला.

“बस!” ताई म्हणाली. “ठेव ती छिन्नी. शंकूपायी माझी मुलगी नाही जाऊ द्यायची. ठसा घेऊ. प्लॅस्टर काढ रे.”

मी पिशवी सोडली. आतून निघाला एक गुळगुळीत पांढरा धोंडा. दोन दिवस मी तो पाठीवर वाहत होतो!

“ताई, ओढ्यात भिजलं गं,” मी कसाबसा म्हणालो. “मला वाटलं...”

ताईनं कॅमेरा काढला, शंकूकडे रोखला आणि न वापरताच खाली केला. आणखी एक फोटो म्हणजे आणखी बावीस वर्षं सावली. साठी उलटलेली माझी बहीण त्या क्षणी परीक्षेत नापास झालेल्या पोरीसारखी दिसत होती, आणि तिला नापास केलं होतं मी!

मागे समुद्र वळला होता. पहिली लाट घोट्यांना लागली.

तेव्हा मला दुकानाच्या काचेतली पेंढी आठवली.

“खारे! पीठ सगळं ओत. मीठही सगळं!”

“मामा, मग आपण खायचं काय?”

“ते मागाहून! पाण्याची बाटली दे. ताई, तुझं गुडघ्याचं तेल कुठाय?”

“तेल? आत्ता?”

“शंकूला चोळ. पातळ, कोपऱ्याकोपऱ्यात. नाहीतर पीठ चिकटून बसेल!”

पाव कापायच्या फळीवर मी पीठ मळायला घेतलं. जन्मात इतकं घट्ट पीठ मळलं नव्हतं. मनगटं भरून आली. लाट पोटऱ्यांपर्यंत पोचली. गोळा फळीवर थापला आणि फळीसकट शंकूवर दाबला. खांदा लावला, सगळं वजन टाकलं. वजनाच्या बाबतीत मी कधीच कमी पडलेलो नाही!

“काढ आता!” खार ओरडली. “पाणी बघ मामा!”

“नाही! आत्ता ओढलं तर ताणलं जाईल. थोडं धरू दे!”

ताईनं हात पुढे केला. “कड सुटतेय का बघू...”

“ताई, हात लावू नकोस!” मी खेकसलो. उभ्या आयुष्यात मी तिच्यावर पहिल्यांदा खेकसत होतो, आणि नवल म्हणजे तिनं ऐकलं!

लाट गुडघ्यांना आली, मग मांड्यांना. मनातल्या मनात मी शंभर मोजले. मग फळी सरळ मागे घेतली. चप्प असा आवाज झाला, आणि ठसा सुटला! ताईनं खिशातली छोटी पोलादी मोजपट्टी काढून पिठाच्या कडेला दाबली. “भाजताना आकसेल ना? मग या रेघाही तेवढ्याच आकसतील. माप चुकणार नाही.” आणीबाणीतही हिचं डोकं ठिकाणावर!

खार वर गेली. ताई दोराला लागली. एका हातात फळी तोलत मी खालून आधार देत होतो, इतक्यात मोठी लाट आली. खडकावर आदळली, आणि ताईचा पाय सुटला!

या वेळी माझा हात पिठाचा नव्हता. मी फळी सोडली आणि दोन्ही हातांनी ताईला कवटाळलं. कानात पाणी, नाकात पाणी! डोळे उघडले तेव्हा मी ताईला धरलं होतं, आणि ताईनं डोक्याच्या वर, दोन्ही हातांनी, फळी धरली होती!

“ओढा!” आम्ही दोघं एकदम ओरडलो.

नावाड्यानं ओढलं. त्या दिवशी तो एकही शब्द बोलला नाही, पण त्याच्या हातांची सालटं निघाली होती.

दिवसभर मी निखाऱ्यांपाशी बसून राहिलो. आच जास्त झाली तर फुगून भेगाळणार, कमी पडली तर आतून ओलं राहणार. खार दर घटकेला विचारायची, “झालं?” आणि मी म्हणायचो, “केक नाहीये तो!” संध्याकाळी ठसा टणक झाला. ताईनं भिंग लावलं. एकेक खवला तपासत ती शेवटच्यापर्यंत गेली.

“जीभ आहे,” ती म्हणाली. “प्रत्येक बीवर आहे रे!” आणि ती हसता हसता रडायला लागली. मीही.

तेवढ्यात खालून गडगडाट झाला. कड्याचा तो कोपरा शंकूसकट समुद्रात गेला. खार आपल्या पाठीवरून हात फिरवत नुसती बघत राहिली. परतीच्या वाटेवर आम्ही नावाड्यानं पकडलेले मासे खाल्ले, फक्त मासे, आणि कुणीही तक्रार केली नाही.

संग्रहालयात त्या ठशात प्लॅस्टर ओतलं, या खेपेला कोरड्या पिशवीतलं. निघालेला शंकू आणि माझं भाजलेलं पीठ, दोन्ही उजव्या कप्प्यात बसले. ताईनं चिठ्ठी घेतली. ‘साहित्य: पीठ, मीठ, पाणी, गुडघ्याचं तेल. उंदरांपासून जपावे.’ मग ‘कोणी आणला’पाशी तिचं पेन थांबलं.

“माझं नाव नको घालूस,” मी म्हणालो. “ओढ्यात मी पीठ वर धरलं, तुझं प्लॅस्टर बुडवलं. आणि भिजलंय हे माहीत असून गप्प बसलो.”

“मी तुझ्या मागेच होते की. पाहिलं सगळं.”

“मग बोलली का नाहीस?”

ताई ओशाळली. असं सहसा होत नाही.

“मला वाटलं, वरचा थर धरेल आणि आतलं कोरडं राहील,” ती म्हणाली.

तीस वर्षं दगडांत घालवलेली बाई! मग आम्ही दोघं इतके हसलो, की शेजारच्या खोलीतून खार धावत आली.

ताईनं डोळे पुसले आणि कोऱ्या जागेत लिहिलं: ‘बेकरीवाल्याच्या दोन मुलांनी.’

“आणि दोर कुणी बांधला?” खार म्हणाली.

ताईनं ‘आणि नातीनं’ एवढं पुढे घातलं, शेजारी नावाड्यालाही बसवलं, आणि खण लावला.