दोर सैल पडला तेव्हा

बंद गाडी लांबून आणायचे मार्ग बरेच असतात. ट्रकवर चढवा, टोइंगवाला बोलवा, नाहीतर परतीचा रिकामा ट्रक गाठून घासाघीस करा. माझ्या बापाने सगळ्यांत स्वस्त मार्ग निवडला. नायलॉनचा दोर. पुढे त्यांची गाडी, मागे दादाची, आणि दादाचं स्टिअरिंग धरायला मी. कॉलेज सोडलेला फुकट्या घरात होताच.

दादाची गाडी याच वाटेवरच्या घाटाच्या चढावर बंद पडली होती. टोइंगवाला बोलावू का, म्हणून त्याने बाबांना फोन केला. "लुटतात ते. ढकल थोडी, वर गॅरेज आहे." दादा शहाणा मुलगा. दार उघडून, एक हात स्टिअरिंगवर ठेवून, खांद्याने ढकलत निघाला. धुक्यातून ट्रक त्याला घासून गेला. गाडीला ओरखडा, दादा संपला. गाडी तेव्हापासून चढाखालच्या पोलीस चौकीत पडून होती. बाबा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. मी नाही सोडणार त्यांना.

दुपार होती, तरी धुक्यात बाबांच्या गाडीचे फक्त मागचे दिवे दिसत होते. त्यांच्याशी फोन चालू होता, स्पीकरवर, माझ्या मांडीवर.

"दोर ताणलेला ठेव, गाढवा. झटका बसला की तुटतो."

"नवा घ्यायचा होता."

चढ लागला. आणि दोर खाली झुकला... मग रस्त्यावर घासायला लागला.

चढावर दोर सैल कसा पडेल? माझं इंजिन बंद होतं. दगडासारखं जड स्टिअरिंग हलकं झालं. कुणीतरी दुसऱ्या बाजूने धरल्यासारखं. उघडीच अडकलेल्या माझ्या खिडकीशी धापा ऐकू येत होत्या. घामाचा वास. बाहेर कुणी नव्हतं.

"बाबा... गाडी आपोआप चढतेय."

फोनवर अगदी हळू, "दिसतोय मला आरशात."

"कोण?"

"दाराशी आहे तुझ्या. तू... ब्रेक मारू नकोस. त्याच्या पायावर येईल."

माझा हात स्टिअरिंगवर होता, त्याचा हात असेल तिथून बोटभर. मी काढला नाही. भीतीने की कशाने, माहीत नाही.

माथ्यावर बाबा थांबले. माझी गाडीही अलगद थांबली. ते उतरले, स्वतःच्या गाडीचं मागचं दार उघडलं, सीटवरची हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

"बस रे," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता. "दमलास. आता मी ओढतो."

दार त्यांनी लावलं नाही. ते लागलं.

आम्ही निघालो. दोर ताठ होता, स्टिअरिंग पुन्हा जड. खिडकीशी आता काही नव्हतं. पुढे बाबांच्या गाडीची मागची काच आतून वाफेने धुरकट होत गेली... आणि कुणीतरी ती तळव्याने पुसली. मागे मी नीट दिसेन एवढीच.